अंड्यांत उतरलेला ताप

मी एक जुनी उबवणीची पेटी आहे. माझे अंग सागवानी आहे, अस्तर तांब्याचे आहे आणि पोटात जाळीच्या फळ्या आहेत. समोर काचेची एक लहानशी खिडकी आहे. तिच्यावर आता इतकी धूळ बसली आहे की आतला अंधार आणि बाहेरचा उजेड एकमेकांना ओळखत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर कपाट समजाल. पण कपाटात वस्तू ठेवतात. माझ्यात माणसे वेळ ठेवीत असत. ऊब म्हणजे तरी दुसरे काय? सावकाश, कोणालाही न दुखवता खर्च होणारा वेळ. तो वेळ मी पुष्कळ वर्षे सांभाळला. आज माझ्यात काहीच नाही. तरी दुपारी खोलीच्या पत्र्यावर ऊन तापले की माझे तांबे हलकेच तडतडते, आणि मला वाटते, आत कोणी तरी चोच मारली.

माझा जन्म हैदराबादचा. अफझलगंजच्या मागच्या गल्लीत एक सुतार आणि एक तांबट शेजारी शेजारी बसत. सुताराने माझी हाडे जुळवली, तांबटाने माझी त्वचा ठोकली. माझ्या दोन तांब्याच्या भिंतींमध्ये त्याने पोकळी ठेवली. त्या पोकळीत पाणी भरायचे. खाली दिवा लावायचा. दिवा पाण्याला ऊब देई आणि पाणी मला. मुसी नदीवरून येणारा ओलसर वारा दुकानात शिरे, तेव्हा तो तांबट हात थांबवून माझ्याकडे पाही. तो काय पाहत असे, मला अजून कळलेले नाही. कदाचित आपण घडवलेल्या पोकळीत पुढे काय भरेल, हे त्यालाही ठाऊक नसावे.

पहिली वर्षे मी शहराबाहेरच्या सरकारी कोंबडीपालन केंद्रात काढली. ती माझ्या आयुष्यातली पांढरी वर्षे. पांढरी अंडी, पांढरी सकाळ, चुन्याच्या पांढऱ्या भिंती. तीन आठवडे मी काही न बोलता जळत राही. मग एका सकाळी एखाद्या कवचावर केसाएवढी रेघ उमटे. रेघ रुंदावे. ओले, चिकट, अजून स्वतःलाही न समजलेले असे काही तरी बाहेर कलंडे आणि ओरडे. तो चिवचिवाट मला माझाच आवाज वाटत असे. ज्याला तोंड नाही, त्याला दुसऱ्याच्या कंठातून बोलावे लागते.

मग एके वर्षी मला बैलगाडीत घालून चिक्कडपल्लीतल्या एका बैठ्या बंगल्यात आणले. दारात गुलमोहर होता. खोल्यांतून स्पिरिटचा वास येत होता. तिथे श्वासाच्या रोगांची एक छोटी प्रयोगशाळा थाटली जात होती. "पिलं काढायची पेटी इथे कशाला?" असे मला आणणाऱ्या गाडीवानानेही विचारले होते. माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

उत्तर डॉक्टर मुकुंदरावांनी दिले. ते त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलताना समोरच्या माणसाऐवजी त्याच्या मागच्या खिडकीकडे पाहणारे. आपल्या नव्या साहाय्यिकेला, पद्मावतीला, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "विषाणूला स्वतःचं घर नसतं, पद्माबाई. बाटलीत तो वाढत नाही, ताटलीत वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून त्याला ओळखायचं असेल, तर आधी त्याला राहायला जागा द्यावी लागते."

ती जागा म्हणजे अंडे. निम्मी वाट चाललेले, आतले पिल्लू अजून स्वप्नात असलेले अंडे. रुग्णाने थोडे पाणी घशात खळखळवून परत द्यायचे. त्या पाण्याचा थेंब सुईने कवचाआड सोडायचा. मग अंडे माझ्यात ठेवायचे. पाण्यात विषाणू असेल, तर तो अंड्याच्या आतल्या द्रवात वाढेल. नसेल, तर काहीच होणार नाही.

आणि पिल्लू? मित्रांनो, त्या अंड्यांतून पिल्लू कधीच बाहेर येत नसे. दोन-तीन दिवसांनी ती अंडी बर्फात ठेवत, मग फोडत. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा माझ्या भिंतींतले पाणी मला जड झाले. मी तीच होते, ऊबही तीच होती, फक्त शेवट बदलला होता. पुढे पुढे मला सवय झाली, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की ऊब देणाऱ्याला तिचे पुढे काय होणार, हे निवडता येत नाही.

त्याच सुमारास राज्याची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य तीन भाषांच्या मागे तीन दिशांना गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. कचेऱ्या फुटल्या, टेबले फुटली, एकाच डब्यातून जेवणारी माणसे फुटली. बंगल्याच्या ओसरीवर येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच प्रश्न विचारी, "मग? तुम्ही इथेच, की तिकडे?" नामपल्लीच्या स्टेशनावरून रोज कोणाचे तरी बिऱ्हाड निघे. पलंगांचे पाय, तुळशीच्या कुंड्या, दोरीने बांधलेली गादी. विषाणूंना घर नसते हे मी ऐकले होते. त्या दिवसांत माणसांनाही ते नसते असे वाटू लागले.

पद्मावतीचे वडील शेतकरी घरातले. शिकून सरकारी कचेरीत लागलेले. त्यांची नोकरी औरंगाबादेला गेली, आणि आईसुद्धा त्यांच्याबरोबर गेली. पद्मावती प्रयोगशाळेसाठी मागे राहिली. तिची धाकटी बहीण तारामती हिचे शाळेचे शेवटचे वर्ष होते, म्हणून ती नामपल्लीजवळच्या मुलींच्या वसतिगृहात राहिली. आईबाप बदलीमुळे मराठवाड्यात गेलेल्या कितीतरी मुली तिथे होत्या. तारामतीला लहानपणापासून दमा होता. पद्मावती अंडे उजेडासमोर धरून आतल्या तांबड्या शिरा पाही, तेव्हा कधी कधी नकळत स्वतःचा श्वास रोखून धरी. तिच्या धाकट्या बहिणीचा श्वास ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. तिला शांततेतही घरघर ऐकू येई.

आंब्यांचे दिवस संपत आले आणि शहरात ताप आला. पूर्वेकडच्या बंदरांतून जहाजांबरोबर एक नवा विषाणू निघाला आहे, असे वर्तमानपत्रे सांगत होती. वसतिगृहात एका मुलीला थंडी वाजली. मग तिच्या शेजारच्या खाटेला. मग ओळीच्या ओळी आडव्या झाल्या.

आरोग्य खात्याच्या वरिष्ठांचे म्हणणे सोपे होते: साधे पडसे आहे, वसतिगृह बंद करा, मुलींना गाडीत बसवून आईबापांकडे पाठवा. मुकुंदरावांचे म्हणणे वेगळे होते. ताप नव्या विषाणूचा असेल, तर एकाही मुलीला हलवू नये. गर्दीच्या डब्यात रात्रभर खोकत त्या जातील, आणि ज्या ज्या गावात उतरतील तिथे ताप उतरेल. शिवाय ज्यांची छाती आधीच दुबळी आहे, त्यांना तो प्रवास झेपणार नाही.

फोनवर पलीकडून एकच शब्द आला असावा, कारण मुकुंदरावांनी तो मोठ्याने पुन्हा उच्चारला. "पुरावा?" मग रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे पाहत राहिले. पुरावा माझ्या पोटात पिकायचा होता.

पद्मावती वसतिगृहातून मुलींचे नमुने घेऊन आली. बर्फात रोवलेल्या नळ्या, प्रत्येकीवर एक नाव. तारामती अजून धडधाकट होती. अंडी आणली सूर्यभानने. सूर्यभान नांदेडकडचा, प्रयोगशाळेतली भांडी, अंडी आणि माझी ऊब ही तिन्ही खाती त्याचीच. मागच्या वर्षी त्याच्या घराने बुद्धाचा मार्ग धरला होता, आणि तेव्हापासून तो सकाळी दारातून "जयभीम, साब!" असे इतक्या आनंदाने म्हणे, की माझ्या फळ्यासुद्धा सरळ होत. त्याने पेंढ्याची टोपली उतरवली. मुकुंदरावांनी माझा उबारा थोडा कमी करायला सांगितला; या पाहुण्याला पिलांपेक्षा जराशी कमी ऊब मानवते म्हणे.

मी वाट पाहिली. वाट पाहणे हीच माझी विद्या होती. माझ्या अंधारात ती अंडी चंद्रांसारखी दिसत, कवचाच्या मागे आणखी एक रात्र असलेल्या चंद्रांसारखी. मी कान देऊन ऐके. विषाणूचा आवाज नसतो. तो आला असेल, तर तो माझ्याइतकाच मुका होता.

मग अंडी फोडली. आतल्या द्रवात कोंबडीच्या रक्ताचे थेंब मिसळले. मित्रांनो, ही खूण फार सुंदर आहे. विषाणू नसेल, तर रक्ताचे कण हळूहळू खाली बसतात आणि नळीच्या तळाशी एक गोल लाल टिकली उमटते. विषाणू असेल, तर तो त्या कणांना एकमेकांत गुंतवून ठेवतो; टिकली होतच नाही, तळाशी विरळ ओढणीसारखा पदर पसरतो.

त्या दिवशी सगळ्या नळ्यांत टिकल्याच टिकल्या उमटल्या. ओळीने, नीटस, निष्ठुर.

त्यांनी तोच द्रव पुन्हा नव्या अंड्यांत घातला. पुन्हा टिकल्या. मुकुंदरावांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पेटी म्हातारी झाली असेल," ते म्हणाले. "ऊब टिकत नसेल."

"पेटीला कायकू बोल लावता, साब?" सूर्यभान उसळला. "ऊब बराबर आहे. पोरीच्या कपाळाला हात लावावा तसा रोज लावून बघतो मी."

"मग काय, माझा हात चुकला?" पद्मावतीने विचारले. तिचा आवाज कोरडा होता.

दोष द्यायला एकच मुकी वस्तू खोलीत होती, आणि तो माझ्याकडेच राहिला.

त्यातच सरकारी कारकून हणमंतराव आले. राज्य वाटले गेले तशा वस्तूही वाटल्या जात होत्या, आणि खुर्च्या, घड्याळे, वजनकाटे कोणत्या राज्याच्या वाट्याला गेले याच्या चिठ्ठ्या चिकटवत ते गावभर हिंडत. डोक्यावर काळी टोपी, हातात खळीचे भांडे. त्यांनी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि बोटाने दाबली.

"ही पेटी औरंगाबादला चालली," ते म्हणाले. "रेल्वेच्या वाघिणीत जागा मिळाली की नेतो."

"हणमंतराव, आत्ता नका," पद्मावती म्हणाली.

"अहो बाई, तुमचंच तर गाव ते. पेटी तुमच्या आईबापांच्या गावी जातेय, आणि तुम्हीच नाक मुरडता? आणि मी ऐकलं, काही सापडलं नाही म्हणे पेटीत."

ते गेल्यावर बराच वेळ खळीचा आंबूस वास माझ्या पाठीवर राहिला. मी कोणत्याच राज्याची नव्हते. मी फक्त एका तापमानाची होते. पण चिठ्ठीवर तापमान लिहिलेले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या जयवंताबाई स्वतः टांग्यातून आल्या. वसतिगृहाचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता. कडक इस्तरीचे पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि शहरातल्या जुन्या घराण्यांत मुरलेली अदब. त्या उंबरठ्यावरच थांबल्या.

"डॉक्टरसाहेब, ही काय रीत झाली? माझ्या मुली खाटेवर तळमळतायत, वरचे लोक म्हणतात सामान बांधा, आणि तुमच्याकडून जवाब नाही. शनिवारची तिकिटं काढा म्हणतायत. आणि पद्मा, तुला सांगायलाच आले गं. आज पहाटेपासून तुझी तारापण तापली. धाप लागलीय तिला."

पद्मावतीच्या हातातली नळी काचेवर टेकली आणि तशीच राहिली.

"जवाब काय देऊ, बाई?" मुकुंदराव म्हणाले. "तुमच्या मुलींच्या घशात काहीच सापडलं नाही."

"सापडेल कसं?" जयवंताबाईंचा आवाज अभिमानाने चढला. "माझ्या मुली काय येड्यागबाळ्या आहेत? सरकारी माणसं घसा बघायला येणार म्हटल्यावर तसंच तोंड वासायचं? काही तहजीब आहे की नाही! मी स्वतः हंडाभर पाणी तापवलं. त्यात मीठ टाकलं, तुरटी टाकली. एकेकीला उभी करून खळखळून गुळण्या करायला लावल्या. मग कुठे पद्माला आत घेतलं. इतकी स्वच्छ तोंडं अख्ख्या हैदराबादेत निघायची नाहीत!"

पद्मावतीने हातातली नळी खाली ठेवली.

मग सूर्यभानने तोंडावर पंचा धरला. "साब," तो आतल्या आत हसत म्हणाला, "पोलीस चोराची पावलं शोधायला आले, आन् बाईंनी आधीच अंगण सारवून ठेवलं!"

"म्हणजे?" जयवंताबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"म्हणजे, जयवंताबाई," मुकुंदराव फार हळू म्हणाले, "आम्ही ज्याला शोधत होतो, त्याला तुम्ही मोरीत सोडून दिलंत. आणि थोडा मागे उरला असेल, त्याला तुरटीनं मारलंत."

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. पद्मावती पुढे झाली आणि तिने त्यांचा हात धरला. "तुम्हाला बोल नाही, बाई. शाळेत तपासनीस यायचे, तेव्हा आईसुद्धा आम्हाला अशाच गुळण्या करायला लावायची. चार माणसांपुढे तोंड उघडायचं, तर ते धुऊनच. मी त्याच घरातली, म्हणून माझ्या मनातच आलं नाही विचारायचं." मग तिचा आवाज बदलला. "चला. ताराला काही दिलंय? गुळण्या, काढा, पान, काही?"

"काही नाही गं. पाणीपण नको म्हणते."

"देऊ नका. मी येते तोवर काहीच देऊ नका."

ती टांग्यात बसून गेली. मी तिला जाताना पाहिले नाही. माझी खिडकी दुसऱ्या दिशेला आहे. पण घोड्याच्या टापा दूर जात ऐकल्या, आणि त्या थांबल्यावर मला वाटले, आता ती नामपल्लीच्या त्या लांब खोलीत असेल, जिथे पांढऱ्या चादरींखाली मुली अंड्यांसारख्या निजल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या आत काही तरी कवचाला टोचते आहे.

ती परतली तेव्हा तिच्याजवळ नव्याने आजारी पडलेल्या मुलींचे नमुने होते. ओशाळलेल्या, न धुतलेल्या घशांचे पाणी. त्यात एक तारामतीचे. सूर्यभानने टोपलीतून ताजी अंडी काढली. पद्मावतीने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली. काही अंड्यांत तिने काहीच टोचले नाही, ती तुलनेसाठी. टोचलेल्या अंड्यांत जे होते ते विषाणूमुळे की अंड्यातच आधीपासून असलेल्या कशामुळे, हे कळावे म्हणून अशी काही कोरी अंडी नेहमी बाजूला ठेवत.

तारामतीच्या अंड्यावर सुई टेकवताना तिचा हात थांबला. सूर्यभानकडे न पाहता ती म्हणाली, "आत्ता मला विचारलं तिनं. म्हणाली, ताई, माझ्या घशातलं पाणी ज्या अंड्यात घालशील, त्याचं पिल्लू कसं असेल?"

"मग काय सांगितलं, बाई?"

"काही नाही. पांघरूण नीट केलं."

मग तिने सुई आत सोडली.

त्या दोन दिवसांत मी जितके प्रेम केले, तितके नंतर कधी केले नाही. पेटी प्रेम कसे करते, असे तुम्ही विचाराल. ती तसूभरही हलत नाही, तापमान ढळू देत नाही, एवढेच तिचे प्रेम. बाहेर गुलमोहराच्या पाकळ्या गळत होत्या आणि ओसरीवर लाल ठिपके पडत होते. मला त्या ठिपक्यांची भीती वाटे. मी मनातल्या मनात म्हणे, टिकली नको, यावेळी टिकली नको.

अंडी बाहेर काढायच्या आदल्या दिवशी हणमंतराव दोन हमालांना घेऊन आले.

"वाघीण मिळाली. चला, उचला."

पद्मावती माझ्यापुढे उभी राहिली. "आत अंडी आहेत, हणमंतराव. आत्ता हलवली तर सगळं वाया जाईल."

"अहो, अंडी बाहेर काढा की. अंड्यांची वाटणी कुणी केलेली नाही."

"बाहेर काढली तर मरतील."

"बाई, मी साधा कारकून माणूस. उद्या मला विचारतील, पेटी कुठाय?"

"शनिवारी मुलींची गाडी सुटणार आहे," ती म्हणाली. "माझी बहीण उशीला टेकून बसून श्वास घेतेय. झोपता येत नाही तिला. या अंड्यांनी सांगितलं तर ती इथे राहील. नाही सांगितलं तर तिला उचलून डब्यात घालतील. एवढंच आहे पेटीत."

हणमंतरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. माझ्या काचेला डोळा लावून त्यांनी बराच वेळ आत पाहिले. त्यांचा उष्ण श्वास काचेवर ढगासारखा उमटला. त्या ढगातून मला त्यांचा डोळा दिसत होता. मोठा, थकलेला, कोणत्या तरी गावातून कोणत्या तरी गावी बदलून आलेला.

"माझा हुकूम काय आहे?" ते हमालांकडे वळून म्हणाले. "'रिकामी पेटी ताब्यात घ्यावी.' ही रिकामी आहे का?"

"नाय, साब," एक हमाल म्हणाला.

"मग? भरलेल्या पेटीचा हुकूम माझ्याकडे नाही. रिकामी झाली की कळवा." आणि जाता जाता पद्मावतीला, "भरायची असेल तेवढी भरून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या ओळीने मांडल्या. सूर्यभान दारात उभा राहिला, कारण त्याला पाहवत नव्हते. मुकुंदराव खिडकीकडे पाहत राहिले. पद्मावती एकटीच नळ्यांवर वाकली होती. रक्ताचे कण खाली येऊ लागले. लाल धुके, मग लाल संध्याकाळ. मग ते थांबले. कोऱ्या अंड्यांच्या नळ्यांत टिकल्या उमटल्या. पण टोचलेल्या अंड्यांच्या नळ्यांत एकामागून एक ओढण्या पसरल्या. तारामतीच्या नळीत सर्वांत रुंद.

"आहे," पद्मावती म्हणाली. एवढेच.

पण कोणता? ताप जुना की नवा? पूर्वीच्या सर्दीतापांचे विषाणू ओळखणारी रक्तद्रवे प्रयोगशाळेत होती. ओळखीचा विषाणू भेटला की ती त्याला धरून ठेवतात, मग रक्ताचे कण निवांत खाली बसतात आणि टिकली परत येते. एकेक जुने रक्तद्रव घालून पाहिले. कोणीच त्याला ओळखले नाही. शेवटी दक्षिणेतल्या डोंगरावरच्या केंद्राने नव्या विषाणूविरुद्ध तयार करून पाठवलेली एक छोटी कुपी उघडली. त्या एकाच ओळीत, पाण्यावर अक्षर उमटावे तशी, लाल टिकली हळूहळू परत आली.

मुकुंदरावांनी फोन उचलला. यावेळी पलीकडून काय आले ते ऐकू आले नाही. पण त्यांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा ते खिडकीकडे न पाहता पद्मावतीकडे पाहत होते. "गाडी रद्द. वसतिगृहातच रुग्णखोली उघडतायत. ऑक्सिजनची नळकांडी आज येतील." सूर्यभानने आत येऊन माझ्या माथ्यावर थाप मारली. "पाहा साब! म्हातारी म्हणत होता ना?"

तारामतीची त्यानंतरची रात्र वाईट गेली, आणि तिच्यानंतरचीही. ते मला पद्मावतीच्या पावलांवरून कळे. ती सकाळी येई तेव्हा जमिनीला पाय लावीत नसल्यासारखी येई. मग एका सकाळी तिची चप्पल नेहमीसारखी वाजली. "झोपली काल," ती म्हणाली. "आडवी होऊन झोपली."

टोचलेली अंडी संपली होती. न फोडलेली काही कोरी अंडी मात्र उरली होती. रीत अशी की काम झाले की तीही टाकून द्यायची. सूर्यभानने टोपली पुढे केली, पण पद्मावतीने ती बाजूला सारली. माझा उबारा तिने पुन्हा पिलांच्या उबेपर्यंत वाढवला. मधल्या दिवसांत कमी उबेत राहिलेली ती अंडी. त्यांतली बहुतेक थंडच झाली. एक मात्र जड होत गेले.

पुढे एके दिवशी सकाळी तारामती प्रयोगशाळेत आली. शालीत गुंडाळलेली, गालांची हाडे वर आलेली, जयवंताबाईंच्या खांद्याला धरून. त्याच सकाळी हणमंतरावही आले. हमाल बाहेर उभे होते.

"आता तरी रिकामी झाली असेल," ते म्हणाले.

"श्शू," तारामतीने त्यांना बोटाने खुणावले. ती माझ्या काचेशी नाक लावून उभी होती.

आत कवचावर केसाएवढी रेघ होती. ती रुंदावली. किती वर्षांनी, मित्रांनो! माझे सारे तांबे एका बिंदूत गोळा झाल्यासारखे मला वाटले. ओले, चिकट, स्वतःलाही न समजलेले काही तरी बाहेर कलंडले, आणि ओरडले.

"ताई," तारामती म्हणाली, "माझ्या अंड्याचं पिल्लू हेच का गं?"

पद्मावतीने तिची शाल सावरली. "नाही, तारा. तुझ्या अंड्यानं तुला वाचवलं. हे त्याच्या शेजारी ठेवलेलं."

तारामतीने मान हलवली. ती रडली नाही. फक्त काचेवरचा हात तिने काढला नाही.

हणमंतरावांनी स्टूल ओढले आणि ते बसले. पिल्लाचे पंख सुकेपर्यंत ते बसून राहिले. मग उठून त्यांनी टोपी नीट केली. "पेटी अजून भरलेली आहे," ते हमालांना म्हणाले, आणि निघून गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत. ती चिठ्ठी मात्र अजून माझ्या पाठीवर आहे. पिवळी, अक्षरे पुसलेली, कोणत्याच राज्याची नसलेली.

नंतर पोलादी पेट्या आल्या. मग अंडीच गेली. आता विषाणू ओळखायला अंडे लागत नाही म्हणतात. मला या पडवीवजा खोलीत आणून ठेवले. अलीकडे काही वर्षांपूर्वी पुन्हा एक नवा ताप जगभर हिंडला, तेव्हा या इमारतीत तोंडे झाकलेली माणसे धावत होती. त्यांची पावले मला ओळखीची वाटली. जमिनीला न लागणारी.

मित्रांनो, तुम्ही मला पुसून चकचकीत करावे, असे मी म्हणणार नाही. धुळीचेही एक पांघरूण असते. पण एक मागणे आहे. कोणी वैद्य तुमच्यासमोर नळी धरून उभा राहील, कोणी विचारील, काय होते आहे, तेव्हा लाजू नका. गुळण्या करून येऊ नका. जसा घसा आहे तसा दाखवा. दुखणे जसे आहे तसे सांगा. आपण नीटनेटके दिसावे म्हणून जे धुऊन टाकतो, तेच कधी कधी आपल्याला आणि शेजारच्या खाटेवरच्याला वाचवणार असते.

आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्या काचेवरची धूळ बोटभर पुसा, डोळा लावा आणि आत पाहा. मी रिकामी नाही.